स्टेशन ते कुडवा : शेतांचे प्लॉट होण्याआधी

(गोंदियाजवळच्या कुडवा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर आजचा विषय 'रेल्वे स्थानक-केंद्रित नगरविकास' असा छापला आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्टेशनाभोवतीच्या विकासाचा विचार इमारतींच्या उंचीपासून सुरू करू नये, पायी चालणाऱ्या माणसाच्या वाटेपासून करावा. आणि ती वाट शेतांचे प्लॉट पडण्याआधी आखून घ्यावी. प्लॉट पडल्यावर वाट काढायची म्हणजे कोणाचे तरी कुंपण तोडावे लागते, आणि मग ती वाट कोर्टातून जाते.

आपले गोंदिया रेल्वेने घडवलेले शहर आहे. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे मीटर गेजचा मार्ग गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेऊन ब्रॉडगेज केला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे आणि नागभीडकडे छोट्या गाड्यांचे फाटे निघाले आणि गोंदिया जंक्शन झाले. धान, तेंदूपान, लाकूड सारे इथे येऊन चढू-उतरू लागले. राइस मिल, विडीचे कारखाने, दाणाबाजार सगळे रुळांच्या आसऱ्याने वाढले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव भोवतालच्या मुलखाचे मुख्य ठिकाण होते, ते ह्या रुळांमुळे.

म्हणजे आपल्याकडे गाडी आधी आली, नियोजन मागे राहिले. महाराष्ट्रात ह्याच्या नेमके उलट उदाहरण आहे, ते नवी मुंबईचे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी १९६५च्या सुमारास खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. ते वसवण्यासाठी १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नोड आखले, सेक्टर पाडले, स्टेशनांच्या जागा राखून ठेवल्या. पण मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल पोहोचली १९९२ साली. बावीस वर्षे आराखडा तयार होता आणि गाडी नव्हती. तेवढ्या काळात नोकऱ्या मुंबईच्या दक्षिण टोकालाच राहिल्या, मंत्रालयही तिथेच राहिले.

तरी सिडकोने एक गोष्ट उत्तम केली. लोहमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा तिने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. हे पैसे उभे करण्यामागचा विचार सरळ होता : गाडी आली की जमिनीचा भाव वाढतो, तर त्या वाढीतलाच हिस्सा गाडीसाठी वापरावा. वाशी किंवा बेलापूर स्टेशनावर उतरून पाहा. स्टेशनाच्या इमारतीतच कार्यालये आहेत, दुकाने आहेत, बाहेर पडले की बसचा थांबा आहे.

हाच विचार जपानमध्ये इचिझो कोबायाशी ह्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केला होता. त्यांनी १९१० साली ओसाकाहून ताकाराझुकाकडे रेल्वे काढली. वाटेत इकेदा येथे त्यांच्याच कंपनीने वसाहत वसवली आणि मध्यमवर्गीयांना घरे मासिक हप्त्यांवर दिली. घर घेणारा माणूस रोजचा प्रवासी झाला. पुढे १९२९ साली ओसाकाच्या टोकाच्या स्टेशनात मोठे दुकान उघडले, म्हणजे सुटीच्या दिवशीही गाडीला गर्दी. रेल्वे आणि वस्ती ह्यांचा जमाखर्च त्यांनी एकाच वहीत मांडला.

आपल्याकडे मात्र स्टेशन-केंद्रित विकासाचा अर्थ हल्ली 'वाढीव एफएसआय', म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, एवढाच घेतला जातो. नागपूर मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरचा पट्टा ठरवून तिथे रस्त्याच्या रुंदीनुसार ४ पर्यंत एफएसआय दिला गेला. मोठ्या शहरात त्याला कारण आहे. पण तोच नियम छोट्या गावात जसाच्या तसा आणणे मला धोक्याचे वाटते. चार मजल्यांच्या जागी बारा मजले उभे राहिले तर पाणी तेवढ्याच नळातून येणार, सांडपाणी त्याच नालीत जाणार. खालच्या मजल्यावर सगळी गाड्यांची पार्किंग केली तर तिथला माणूस स्टेशनच्या दारात राहूनही गाडी काढूनच बाहेर पडणार.

आता आपल्या गोंदियाकडे येऊ. माणूस दहा मिनिटांत साधारण ८०० मीटर चालतो. स्टेशन मध्यभागी धरून तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे २०० हेक्टर, म्हणजे जवळपास ५०० एकर जमीन येते. कोणत्याही शहरातली ही सर्वांत मोलाची जमीन. गोंदियात त्यातला मोठा तुकडा रूळ, यार्ड आणि रेल्वेच्या मालकीच्या जागेने व्यापला आहे. एका अंगाला बाजार, दुसऱ्या अंगाला रेलटोलीची वस्ती, मध्ये रूळ. म्हणून इथे पहिली गरज आहे ती पलीकडे जाणाऱ्या पादचारी पुलाची. फलाट तिकीट न काढता, सामान आणि सायकलसह, रात्रीच्या वेळीही बाईमाणसाला निर्धास्त जाता येईल असा पूल हवा. स्थानकांच्या नूतनीकरणाच्या अमृत भारत स्थानक योजनेत गोंदियाचे नाव आहे. त्या कामाकडे पाहताना दर्शनी भाग किती देखणा झाला, हे विचारण्याआधी दोन्ही अंगांनी स्टेशन सारखेच उघडे झाले का, हे विचारा.

आणि कुडवा? कुडवा त्या वर्तुळाच्या बाहेर आहे, पण सायकलच्या टप्प्यात आहे. म्हणूनच इथला प्रश्न वेगळा आहे आणि सोडवायला सोपाही. संध्याकाळी नागपूरकडून गाडी येते. अप-डाऊन करणारे शिक्षक, कारकून, पासवाले विद्यार्थी उतरतात. ज्याची मोटारसायकल स्टँडवर आहे तो निघतो. ज्याची नाही तो ऑटोवाल्याशी घासाघीस करतो, किंवा ऑटो भरेपर्यंत त्यात बसून राहतो. पायी निघालेली मुलगी रस्त्याच्या कडेने चालते, कारण पदपथ नाही. आणि कडेला चालताना नाली चुकवते, कारण नालीवर झाकण नाही. नागपूर-गोंदिया अंतर साधारण दोन तासांत कापणाऱ्या माणसाला शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी एवढी यातायात करावी लागते. स्टेशन-केंद्रित नियोजन करायचे ते ह्या शेवटच्या टप्प्याचे.

गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले आणि त्याचे नवे संकुल कुडव्याच्या बाजूला आहे. आमगाव, तिरोडा, सालेकसा, अर्जुनी मोरगाव ही सगळी रेल्वेच्या मार्गावरची गावे. तिथला रुग्ण आणि त्याच्याबरोबरचे दोघे गाडीनेच येणार, कारण तेच परवडते. शिकणारी मुले, परिचारिका, कर्मचारी ह्यांना भाड्याच्या खोल्या कुडव्यातच हव्या असणार. म्हणजे एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला रुग्णालय आणि मधल्या पट्ट्यात कुडवा. ह्या पट्ट्यावर आज जे ठरेल ते पुढची पन्नास वर्षे टिकेल.

माझ्या मते चार गोष्टी आधी व्हाव्यात. पहिली, स्टेशनपासून रुग्णालयापर्यंत एक अखंड रस्ता, ज्याला दोन्ही बाजूंनी झाडांच्या सावलीतला पदपथ, सायकलची वेगळी पट्टी आणि दिवे असतील. विदर्भातल्या मे महिन्यात सावलीशिवाय कोणी चालणार नाही. दुसरी, गाड्यांच्या वेळेला जोडलेली बस किंवा ई-रिक्षा, ठरलेल्या भाड्याची. तिसरी, ह्या रस्त्यालगत खाली दुकान आणि वर घर अशी तीन-चार मजली, भाडेकरूला परवडेल अशी वस्ती, आणि भाजी-फळे विकणाऱ्यांसाठी आखून दिलेली जागा. चौथी, गावातल्या बोड्या (लहान तळी), मोठी तळी आणि नाले ह्यांची हद्द आधी मोजून दगड रोवणे. हा तलावांचा जिल्हा आहे. बोडी बुजवून प्लॉट पाडला तर पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत घरात शिरते.

ह्यासाठी शेतकऱ्याची जमीन हिसकावून घ्यायची गरज नाही. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे, आणि तिचे मूळ १९१५च्या मुंबईच्या कायद्यात आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, रस्ते, शाळा, मैदान ह्यांसाठी प्रत्येकाकडून हिस्सा काढायचा आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या, रस्त्याला लागलेल्या प्लॉटच्या रूपाने मालकाला परत द्यायची. क्षेत्र घटते, पण भाव वाढतो. नुसते आरक्षण टाकून ठेवले तर दहा वर्षांनी मालक नोटीस देऊन ते सोडवून घेऊ शकतो, आणि गावाच्या हाती ना मैदान येते ना रस्ता.

नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडपर्यंत ब्रॉडगेज मेट्रो नेण्याची कल्पना २०१८पासून मांडली गेली आहे. ती आपल्यापर्यंत येईल तेव्हा येईल. आपल्याकडे स्टेशन आजही आहे, गाड्या आजही आहेत. वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून माझी विनंती आहे. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना देण्यासाठी कायद्याने तीस दिवस मिळतात. ते दिवस नकाशा समजून घेण्यातच निघून जातात, तेव्हा तयारी आजच करा. येत्या १ मेच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा : स्टेशनच्या रस्त्याची रुंदी ठरवण्याचा आणि बोड्यांची मोजणी करण्याचा. ठराव लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचे काय झाले ते नाव घेऊन विचारा.