नदीकाठचा गाळ आणि आपले पाणी



तुंगार्लीसारख्या धो धो पावसाच्या गावी पाण्याची चिंता वाहावी, हे कित्येकांस नवल वाटेल. परंतु पाणी विपुल असणे आणि ते शुद्ध असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

कुरवंड्याजवळ उगम पावणारी आपली इंद्रायणी लोणावळ्यावरून देहू, आळंदी करीत तुळापुरास भीमेला मिळते. मावळ्यांच्या भातखाचरांखाली तिच्या काठाकाठाने पुरांनी आणलेल्या गाळाची पट्टी पसरली आहे. उन्हाळ्यात वाहत्या पाण्याऐवजी काठच्या वाळूत झरा खणून पाणी भरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हे पाणी निवळ का, याचा उलगडा आता शास्त्राने केला आहे.

गाळातून पाणी सावकाश झिरपते. गढूळपणा आणि बरेचसे रोगजंतू मातीच्या कणांत अडकतात. पुढचे काम गाळातील सूक्ष्म जीवाणू करतात. पाण्यातील प्राणवायूच्या साहाय्याने ते मैल्यातील सेंद्रिय द्रव्ये फोडतात. प्राणवायू संपला की काही जीवाणू नायट्रेटवर आपले श्वसन चालवितात. तेव्हा खतांतून व सांडपाण्यातून आलेले नायट्रेट बहुतांशी निरुपद्रवी नत्रवायू होऊन हवेत मिसळते. जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या ड्युसेलडॉर्फ नगराने १८७० पासून असे तीरातून झिरपलेले पाणी वापरात आणले आहे.

मात्र या कार्यास अवधी लागतो, आणि त्यास मर्यादाही आहेत. मैला अतोनात झाला तर जीवाणूंस तो आवरत नाही. शिसे, पारा हे धातू तर नष्ट होतच नाहीत. फार तर गाळास चिकटून राहतात. शिवाय चढावरील घरांखाली असा गाळ नसतो. मातीचा पातळ थर आणि खाली काळा कातळ! त्याच्या भेगांतून शौचकूपाचे पाणी न गाळताच विहिरीत उतरू शकते.

म्हणून सर्व कुटुंबांस आमची आग्रहाची विनंती आहे. नदीकाठच्या जमिनीवर राडारोडा लोटू देऊ नये. तेथील माती वीटभट्टीस विकू नये. शौचकूप विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास बांधावा. विहिरीचे पाणी दरवर्षी तपासून घ्यावे.

कार्तिकी वद्य एकादशीस आळंदीला स्नान करणारा वारकरी आपल्याच गावांवरून आलेले पाणी मस्तकी धारण करतो. ते त्याच्या श्रद्धेस साजेसे असावे, ही जबाबदारी वरच्या अंगास राहणाऱ्या आपणा सर्वांची आहे.