भुईआवळीची परीक्षा
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पावसाळ्यात परसात आपोआप उगवणारी, पानांच्या खालच्या अंगास मोहरीएवढी फळे धरणारी भुईआवळी येथे जमलेल्या बहुतेक गृहिणींस ठाऊक असेल. घरात कोणास कावीळ झाली की ती वाटून ताकातून द्यावी, हा आपल्या आजीबाईंचा उपचार. तो घेणारे बहुतेक बरे होतात, हे खरेच आहे. परंतु दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत औषधावाचूनही उतरते. मग गुण भुईआवळीचा म्हणावा की काळाचा?

याचा निवाडा करण्यासाठी शास्त्रज्ञ प्रथम पांढऱ्या उंदरांकडे वळतात. कार्बन टेट्राक्लोराइड हे विष दिले म्हणजे यकृतच आपल्या विकरांनी त्यास अधिक उग्र रूप देते; मग यकृताच्या पेशी फुटतात व त्यांतील विकरे रक्तात उतरतात. त्यांचे प्रमाण मोजले की हानी किती ते कळते. एका गटास नुसते विष, दुसऱ्यास वनस्पतीचा अर्कही. या कसोटीस भुईआवळी उतरली आहे, कुटकीही उतरली आहे. पण येथेच मेख आहे. अशा पुष्कळ प्रयोगांत अर्क विषाच्या आधी पाजलेला असतो. आपला रोगी मात्र डोळे पिवळे झाल्यावर वैद्यांची पायरी चढतो! शिवाय, वनस्पतीने त्या विषाचे उग्र रूप होऊच दिले नाही तर उंदीर वाचेल. विषाणूने झालेल्या काविळीत त्याचा काय उपयोग?

म्हणून अखेर माणसांवरच परीक्षा करावी लागते. हिपॅटायटिस-बीचा विषाणू दीर्घकाळ अंगात असलेल्यांना मद्रास येथे त्यागराजन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी ब्लुम्बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी भुईआवळीचे चूर्ण ३० दिवस दिले. त्याची हकीकत १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली होती. औषधहीन चूर्ण घेणाऱ्या २३ जणांत ती एकाचीच गेली. केवढा आनंद झाला असेल! परंतु इतरत्र केलेल्या प्रयोगांत ते यश पुन्हा हाती आले नाही, आणि २०११ सालच्या विस्तृत आढाव्यासही खात्रीलायक पुरावा सापडला नाही.

वनस्पती निरुपद्रवीच असते, हाही समज तपासून पाहावा. करोनाच्या साथीत गुळवेल घेतलेल्या मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, याची शहानिशा झाली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद काही असो, वेल नीट ओळखणे हाही परीक्षेचाच भाग होय.

आता आपण विचाराल, ‘मग घरी भुईआवळी द्यावी की नाही?’ आधी रक्त तपासून कावीळ कोणत्या कारणाची ते ठरवावे, मग वैद्यांस किंवा डॉक्टरांस विचारावे. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, अथवा कोणताही काविळीचा रोगी बरळू लागला, गुंगीत राहू लागला, तर मात्र तडक इस्पितळ गाठावे. परसात रोप शोधण्यात एक तासही दवडू नये.