नोव्हेंबरचं रान, मार्चचं रान

गोव्यात डिचोलीच्या खाणपट्ट्यात टाकाऊ मातीच्या ढिगांवर अकेशिया वाढलाय. पेडण्याच्या उतारांवर काजू आहे. उपग्रहातून पाहिलं तर दोन्ही हिरवं, आणि शेजारचं जुनं रानही हिरवंच.

हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवतं. या दोहोंतल्या फरकावरून पालवीची दाटी कळते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा चित्रांवरून वनांचा नकाशा करते. जमिनीचा ७० टक्के किंवा अधिक भाग पानांखाली असेल तर रान अतिदाट, ४० ते ७० असेल तर मध्यम, १० ते ४० असेल तर विरळ. एक हेक्टरहून लहान तुकडा नकाशात येत नाही, मग ती देवराई का असेना. काजूची मोठी बाग मात्र येते, कारण मोजलं जातं ते पानांचं छत्र. झाड कुठलं आणि जमीन कुणाची, हे नाही.

झाडाची उंची सावलीवरून काढता येते. सूर्य त्या क्षणी किती वर होता, एवढं ठाऊक हवं. पण हे सड्यावरच्या एकट्या आंब्यापुरतं. दाट रानात सावली शेजारच्या झाडावर पडते, बुंधा तर दिसतच नाही. त्यासाठी टेप घेऊन जायला हवं. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घ्यायचा. माट्टी या पानझडी झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी, टेप खवल्यांत अडकतो. वेल बाजूला सारून तो नीट आडवा धरला तरच आकडा खरा. असे पुष्कळ घेर जमले की छत्रावरून बुंध्याचा अंदाज बांधता येतो. माट्टीचा हिशेब काजूला लावून मात्र चालत नाही.

गोव्यात या आकड्यांवर डोंगर टिकतात. खासगी जमिनीतलं रान वन ठरायला ७५ टक्के झाडं वनजातींची हवीत, सरकारी वनाला लागून नसेल तर क्षेत्र किमान ५ हेक्टर हवं आणि छत्राची घनता किमान ०.४, म्हणजे ४० टक्के हवी. जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कसोट्या कायम ठेवल्या.

आता मार्च आठवा. माट्टीची पानं गळलेली असतात, अकेशिया आणि काजू हिरवेच. नोव्हेंबरच्या चित्रात ०.४च्या वर असलेलं रान मार्चच्या चित्रात खाली घसरू शकतं, तेही एकही झाड न तुटता. उलट दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, तर जिथली हिरवाई ओसरली तिथे पानझडी रान असण्याची शक्यता मोठी, आणि टेप घेऊन आधी तिथेच जायला हवं. म्हणून तुमच्या गावच्या डोंगराची घनता कुणी सांगितली, तर चित्र कोणत्या महिन्याचं हे आधी विचारा. तो महिना अहवालात लिहिलेला असलाच पाहिजे.