आधी पंप उघडू नका

(जुन्या डिझेल मोटारीच्या दुरुस्तीविषयी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या घराची चूल गाडीवर पेटते, त्या घरात ‘पंप गेला’ हे दोन शब्द ऐकले की छातीत धस्स होते. फ्युएल इंजेक्शन पंपाची दुरुस्ती खर्चाची असते. आणि पुष्कळदा दोष पंपात नसतोच. म्हणून दोष कसा शोधावा, हे आपण समजून घेऊ या.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि तिच्यात योग्य क्षणी डिझेलचा फवारा सोडला की ते पेटते. तो क्षण आणि ते माप पंप सांभाळतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. परंतु त्यात इंधन उडविण्यास दाबाची हवा लागे आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर बसवावा लागे. बॉश कंपनीने १९२७ साली इंजेक्शन पंपाचे कारखानी उत्पादन सुरू केले. पुढे १९३६ साली मर्सिडीझ-बेंझची डिझेल मोटार बाजारात आली. या पंपातील फटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. धुळीचा एक कणही तेथे घातक ठरतो.

आता अॅम्बॅसेडरसारखी जुनी डिझेल गाडी डोळ्यांसमोर आणा. सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही. प्रथम टाकीत डिझेल आहे का आणि इंजिन बंद करण्याची दांडी अडकलेली नाही ना, ते पाहा. मग सेल्फ मारताना सायलेन्सरकडे लक्ष द्या. धूर मुळीच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. तेव्हा हीटर प्लग, कॉम्प्रेशन आणि टायमिंग तपासा.

डिझेल पोहोचत नसेल, तर बहुधा लाइनने हवा धरलेली असते. टाकीकडील ओढीच्या नळीत चीर असली तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही. उलट हवा आत ओढली जाते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. मग पंपावरील स्क्रूचेही तसेच करा. चढावर गाडीची ओढ कमी होत असेल, तर आधी फिल्टर बदला. काळा धूर येत असेल, तर एअर फिल्टर आणि नोझल पाहा.

पंप खरोखर दोषी असल्याची एक खूण सांगतो. गाडी सकाळी थंड असताना चटकन सुरू होते, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा धरत नाही. अशा वेळी रोटरी पंपावर थंड पाण्यात भिजवलेले फडके ठेवून थोडे थांबा. मग ती सुरू झाली, तर पंपाचे आतील भाग झिजले आहेत असे समजावे. तापलेले डिझेल पातळ होऊन वाढलेल्या फटींतून मागे निसटते. डिझेल हेच या पंपाचे वंगण असल्याने रॉकेलची भेसळ झालेल्या डिझेलने ही झीज वाढते. स्वस्त डिझेलचा मोह म्हणूनच महागात पडतो.

असा पंप घरी किंवा रस्त्यावर उघडू नये. टेस्ट बेंच असलेल्या कॅलिब्रेशनच्या कारखान्यातच तो न्यावा, आणि सील केलेला स्क्रू ‘पिकअप’साठी फिरवू नये.

मुलांनो, एक सूचना जिवाची आहे. नोझलच्या फवाऱ्यासमोर कधीही हात धरू नका. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठा.

पालकहो, मुलगा असो वा मुलगी, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यास करू इच्छीत असेल, तर त्यास कमी लेखू नका. सोप्यापासून अवघडाकडे, एका वेळी एकच गोष्ट तपासत जाणे, ही शिस्त पुस्तकाइतकीच पान्यानेही शिकता येते. ज्याला ती साधली, तो गिऱ्हाइकाचा पैसा वाचवतो आणि त्याचा विश्वास मिळवतो. या धंद्यात त्याहून मोठे भांडवल नाही.