थ्रॉटल बॉडीची काजळी

सिग्नलला उभी असताना माझी गाडी दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा मागे रुग्णवाहिका होती. गॅरेजवाला म्हणाला, थ्रॉटल बॉडी बदला. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू.

इंजिनात हवा सोडणारी ही नळी. आत एक गोल झडप. पाय उचलला की झडप जवळजवळ मिटते आणि कडेच्या बारीकशा फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन चालतं. इंजिनातल्या तेलाच्या वाफा तिथेच चिकटतात, काजळी धरते, फट बुजते. रोग एवढाच!

इंजिन गार झाल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं, हवेचा पाइप काढला, मग चार बोल्ट. थ्रॉटल क्लीनरचा फवारा थेट मारू नका, फडक्यावर घ्या. बाजूच्या मोटारीत तो शिरला, तर खरोखरच नवी घ्यावी लागेल. झडप मोटारीवर चालणारी असेल तर बोटाने रेटू नका. चावी चालू असताना तर बोट आत घालूच नका. जुनं पॅकिंग चिरलेलं निघालं, ते मात्र नवं आणलं. बोल्ट हलक्या हाताने आवळले. ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

गाडी सुरू केली आणि घाबरलोच. इंजिन नुसतं घोंघावत होतं! गाडीच्या संगणकाला बुजलेल्या फटीची सवय झालेली. आता हवा जास्त येत होती. काही गाड्यांना गॅरेजमध्ये यंत्र जोडून हे नव्याने शिकवावं लागतं. माझी दोन दिवसांत आपोआप ताळ्यावर आली.