शेतीसल्ल्याचे ध्वनिमुद्रण : आवाजातील दोष व त्यावरील उपाय

(अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपले बोलणे मुद्रित करून, ऐकणाऱ्याला सवडीने केव्हाही मोबाईलवर ऐकता येईल असे ठेवणे म्हणजे पॉडकास्ट. गावातील जाणकार शेतकऱ्याचा अनुभव दूरवर पोहोचविण्याचे हे स्वस्त साधन आहे. मात्र त्यात एक धोका आहे. 'साठ' आणि 'सात' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. 'सा' ठळक ऐकू येतो. 'ठ' आणि 'त' हे क्षणभराचे, क्षीण ध्वनी. वारा, घुमारा किंवा मोटारीची घरघर प्रथम तेच गिळते. मात्रा चुकीची ऐकली गेली, तर नुकसान पिकाचे होते.

सन १९५६ मध्ये आकाशवाणी व युनेस्को यांच्या सहकार्याने पुणे भागातील पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या श्रवण मंडळांचा प्रयोग झाला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व नंतर त्यावर चर्चा करीत. एकाला न कळलेले दुसरा सांगे. पॉडकास्ट ऐकणारा बहुधा एकटा असतो. त्याला विचारायला शेजारी कोणी नसते. म्हणून आवाज मुळातच स्वच्छ हवा.

मुद्रण करताना पुढील काळजी घ्यावी.

१) अंतर : माईक किंवा मोबाईल तोंडापासून एक वीतभर ठेवावा. अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. भोवतीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते.

२) घुमारा : पत्र्याचे शेड, रिकामी खोली, फरशी व गिलाव्याच्या भिंती आवाज परतवतात. धान्याची पोती, गाद्या, गोधड्या असलेली खोली निवडावी. बोलणाऱ्याच्या मागे व बाजूला जाड गोधडी टांगली तरी चांगला फरक पडतो.

३) वारा : शेतात मुद्रण करायचे असल्यास वाऱ्याकडे पाठ करून, माईक अंगाच्या आडोशाला धरावा. माईकवर स्पंजची टोपी घालावी. शक्यतो वारा पडलेला असताना, सकाळी लवकर काम उरकावे.

४) फुंकर : प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माईकमध्ये धपधप होते. 'फवारणी' आणि 'पाणी' हे तर आपले रोजचेच शब्द. माईक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे, थोडा तिरपा धरावा.

५) आवाज फाटणे : मुद्रणाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान खेळती ठेवावी. ती शून्याला टेकली की आवाज फाटतो. फाटलेला आवाज पुढे नीट दुरुस्त होत नाही. हळू मुद्रित झालेला मात्र वाढविता येतो.

६) घरघर : आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. चार्जर किंवा सदोष तार यांमुळे ५० व १०० हर्ट्झची घरघर मुद्रणात शिरते. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करावे. पंखा बंद ठेवावा. अणदूरसारख्या सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या गावात रस्त्यापासून दूरची, आतली खोली बरी.

बोलण्यापूर्वी दहा सेकंद शांत राहून मुद्रण चालू ठेवावे. खोलीचा हा नमुना पुढे उपयोगी पडतो.

आता जुळवणीकडे वळू. यासाठी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर वापरता येतो. मूळ मुद्रणाची प्रत वेगळी जपून ठेवावी. प्रथम ८० हर्ट्झखालचा भाग गाळावा; गाड्यांची जाड घरघर बरीच कमी होते. मग शांततेचा नमुना देऊन गोंगाट घटवावा, पण बेताने. अति घटविल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि जी क्षीण व्यंजने वाचवायची, तीच नष्ट होतात. दोन वक्ते असल्यास दोघांची पातळी स्वतंत्रपणे सारखी करावी. एकाच माईकवर मुद्रण केले असेल, तर हळू बोलणाऱ्याला जवळ बसविणे हाच खरा उपाय. संगीत आरंभी व शेवटी ठेवावे. प्रमाण सांगताना ते पूर्ण बंद असावे.

आकडे सांगण्याचीही रीत ठेवावी. 'साठ' म्हटल्यावर लगेच 'सहावर शून्य' म्हणावे. वस्तू, प्रमाण व पाणी या क्रमाने दोनदा सांगावे. उदाहरणार्थ, पाच टक्के निंबोळी अर्कासाठी निंबोळी पाच किलो, द्रावण शंभर लिटर. किलो की ग्रॅम, लिटर की मिलिलिटर, एकरी की हेक्टरी, हे कधीही गाळू नये.

अखेरची परीक्षा सोपी आहे. तयार भाग प्रसृत करण्यापूर्वी, मुद्रणाच्या वेळी हजर नसलेल्या एखाद्या शेतकऱ्याला साध्या मोबाईलवर, चालत्या मोटारीजवळ ऐकवावा आणि ऐकलेले आकडे कागदावर लिहून घेण्यास सांगावे. एक जरी आकडा चुकला, तरी तेवढा भाग पुन्हा मुद्रित करावा. फवारणीचा पंप भरण्यापूर्वी आपण औषध मोजून घेतो. सल्ला देण्यापूर्वी आवाजही असाच पारखून घ्यावा, ही विनंती.