पाठीराखे

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवातील सायंकालीन सभेत केलेले भाषण)



आज सकाळपासून आपण आपल्या पूर्वजांचे स्मरण करीत आहो, आणि ते योग्यच आहे. ॲनेसीच्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरींनी या मध्य प्रांतात प्रथम पाऊल टाकिले, १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि त्या मोठ्या झाडाच्या एका लहानशा फांदीवर आपला हा धर्मग्राम वाढला. परंतु ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात पन्नासाव्या वर्षाचे जे नियम आहेत ते वाचून पाहावे. गहाण पडलेली जमीन त्या वर्षी मूळ मालकास परत जावयाची, आणि दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी जावयाचा. म्हणजे ज्युबिलीचे वर्ष हे मुख्यत्वे देणे फेडण्याचे वर्ष होय. तेव्हा आपले देणे कोणाचे आहे, हा प्रश्न आज विचारणे प्राप्त आहे. फादरांनी मला जो विषय दिला आहे, तो म्हणजे आपल्या शहरातील वस्त्यांमधील तरुण मुले आणि त्यांच्याप्रत आपले कर्तव्य, तो माझ्या मते याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्या भंडाऱ्याची कीर्ती पितळेच्या भांड्यांबद्दल आहे. जुन्या काळी कारागिराचा दहा-बारा वर्षांचा मुलगा बापाच्या, मामाच्या किंवा एखाद्या उस्तादाच्या शेजारी जाऊन बसे. हातोडा कसा धरावा हे तर तो शिकेच. पण त्यासोबतच गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, उधारी कशी मागावी, आलेला राग कसा गिळावा, हेही नकळत शिके. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तीत मुलांची शाळा बुडे, मार खावा लागे, कोवळे डोळे धुराने लाल होत. मात्र तीत एक गोष्ट होती: वाढत्या वयाच्या मुलाच्या शेजारी दिवसभर एक वयस्क मनुष्य असे. पुढे स्टीलची व ॲल्युमिनियमची भांडी आली, नंतर प्लास्टिक आले. पुष्कळ भट्ट्या थंड झाल्या, आणि तो शेजारचा मनुष्यही उठून गेला.

आज त्या मुलाच्या शेजारी कोण आहे? बाप नागपूरला बांधकामावर, आई धान्याच्या रोवणीला किंवा विड्या वळीत बसलेली. नववीत नापास झालेला मुलगा पानठेल्यापाशी उभा राहतो, आणि त्याच्या भोवती त्याच्याच वयाची चार मुले असतात. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. परंतु सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा कोणास मिळत नाही असे आपल्यापैकी कोण म्हणू शकेल? रात्री वैनगंगेच्या घाटावर रेतीच्या ट्रॅक्टरवर गेले की पहाटे रोख पैसे हाती पडतात. शाळेत गेले असता काय मिळते, हे त्यास समजावून सांगणारा कोणी नसतो. मुली तर दिसतही नाहीत. त्या घरात बसून तेंदूची पाने कापीत असतात, आणि शाळेच्या हजेरीपटावरून त्यांचे नाव केव्हा गेले ते शेजाऱ्यासही कळत नाही.

अशा मुलांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आपण स्वतः त्यातलेच. नाताळात मिठाई वाटणारेही आहेत. नाही तो केवळ एवढाच की, जो दर आठवड्यास ठरल्या वेळी येईल, त्या एकाच मुलाची चौकशी करील, आणि पुढच्या आठवड्यातही येईल. इंग्रजीत अशा मनुष्यास मेंटर म्हणतात. ते मूळचे एका माणसाचे नाव. होमरच्या ओडिसीमध्ये युलिसिस युद्धास गेल्यावर त्याचे घर ज्या मित्राच्या भरवशावर राहिले, त्याचे नाव मेंटर. आपल्या मराठीत त्याहून चांगला शब्द आहे, तो म्हणजे पाठीराखा.

हे कार्य ख्रिस्तसभेस नवे नाही. ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, इटलीतील तुरीन शहरात एक तरुण धर्मगुरू मिस्सेची तयारी करीत होता. बार्थोलोम्यू गारेल्ली नावाचा एक गवंडीकाम करणारा अनाथ मुलगा थंडीमुळे आत शिरला. मिस्सेची सेवा त्यास येईना म्हणून सॅक्रिस्टनाने त्यास मारून हाकलले. धर्मगुरूने त्यास परत बोलाविले. वाचता येते का, लिहिता येते का, प्रार्थना येते का, असे विचारले. सगळ्याचे उत्तर नाही. शेवटी विचारले, शिट्टी वाजविता येते का? तेव्हा तो मुलगा हसला. पुढच्या रविवारी तो आपल्यासारख्याच आणखी मुलांना घेऊन आला. हे धर्मगुरू म्हणजे डॉन बॉस्को. १९३४ साली त्यांस संतपद मिळाले. त्यांनी आपल्या संघास आपल्याच मिशनरींप्रमाणे संत फ्रान्सिस द सेल्सचे नाव दिले, हा योगायोग आपणांस गोड वाटावा असाच आहे.

शिट्टीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकिली आहे. तिच्यापुढची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. डॉन बॉस्को आठवड्याच्या इतर दिवशी बांधकामावर व कारखान्यांत जाऊन आपली मुले कोणाच्या हाताखाली आहेत ते पाहात. १८५२ सालचा एक करार आजही उपलब्ध आहे. सुतारकाम शिकणाऱ्या एका मुलासाठी तो मालकाशी केलेला आहे. मालकाने मुलास शब्दांनीच सुधारावे, मारू नये. धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत. सणावारी सुट्टी द्यावी, असे त्यात लिहून घेतले आहे, आणि त्यावर डॉन बॉस्कोंची सही आहे. प्रार्थना शिकविणाऱ्या संताने कराराच्या कागदावर सही केली! आपल्या शहरातील गॅरेजांत, उपाहारगृहांत, वेल्डिंगच्या दुकानांत जी मुले राबतात, त्यांच्या मालकास जाऊन सन्मानाने दोन प्रश्न विचारणारा मनुष्य आज कोठे आहे?

पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझनाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाची सभा काढिली. तिचे नाव आपल्या परिचयाचे आहे. त्या विद्यार्थ्यांस गरिबांच्या घरी कसे जावे हे ठाऊक नव्हते. ते त्यांना सिस्टर रोझाली रांदू या धर्मभगिनीने शिकविले. पाठीराख्यासही पाठीराखा लागतो, ही गोष्ट त्यातून आपण घ्यावी.

आता युरोप सोडून आपल्या मुलखात येतो. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आणि भोवतालच्या मुलखातून माणसे तिकडे गेली. त्या गिरणीच्या मजूर वस्त्यांमधील कल्याणकार्य १९२० नंतरच्या दशकात यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनकडे सोपविण्यात आले होते. शिक्षणाचे वर्ग आणि खेळ यांच्या निमित्ताने त्या संस्थेची माणसे वस्तीत वावरत. ते आपले प्रॉटेस्टंट बांधव. परंतु चांगले काम कोणी केले हे पाहून मग त्याचा आदर करावयाचा, ही रीत आता मागे पडली आहे व पडावी. गिरणी बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला. वस्त्या मात्र राहिल्या.

त्याच नागपुरात, येथून सुमारे ६० किलोमीटरवर, हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे नावाचे खेळाचे शिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील काही मुले मोडकी बादली लाथाडीत खेळताना त्यांनी पाहिली, आणि त्यांस चेंडू आणून दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभे राहिले. पुढे त्यातली मुले बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत जाऊन आली, आणि त्या कार्यावर २०२२ साली 'झुंड' हा चित्रपट निघाला. हे कार्य धार्मिक नव्हे, आणि त्यावर आपला शिक्का मारण्याचे कारण नाही. मी ते सांगतो याचे कारण एवढेच की, बारसे सरांपाशी आरंभी संस्था नव्हती, इमारत नव्हती, निधी नव्हता. मुले पुन्हा खेळावयास आली तेव्हा तेही पुन्हा तेथे होते.

कोणी म्हणेल, हे सर्व भावनेचे बोलणे झाले. याने खरोखर काही फरक पडतो काय? या प्रश्नाचा अमेरिकेत पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. तेथे १९०४ पासून, न्यायालयात आलेल्या मुलांना एकेक प्रौढ मित्र जोडून देण्याची चळवळ वाढली. १९९५ साली तिच्या कार्याची पाहणी प्रसिद्ध झाली. १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलामुलींचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडले. एकास मित्र दिला, दुसऱ्यास थांबावयास सांगितले. दीड वर्षाने पाहिले तो, मित्र मिळालेल्यांत अमली पदार्थांस नव्याने आरंभ करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले, मद्याचे २७ टक्क्यांनी, आणि शाळा बुडविण्याचे दिवस निम्म्यावर आले. परीक्षेचे गुण मात्र थोडेच वाढले, हेही सांगितले पाहिजे.

परंतु २००२ साली त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली, आणि तीत जे दिसले ते आज मला आपणांस विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे. ज्यांचा संबंध वर्षभर किंवा अधिक टिकला त्या मुलांस सर्वांत अधिक लाभ झाला. ज्यांचा मित्र तीन महिन्यांच्या आत निघून गेला, त्यांची स्वतःविषयीची किंमत पूर्वीहूनही उतरली. म्हणजे अर्धवट केलेले हे पुण्यकर्म अपाय करते. ज्या मुलास बापाने, शाळेने, मालकाने सोडले, त्यास आपणही सोडले तर त्याची खात्रीच पटते. म्हणून आजच्या उत्साहाच्या भरात हात वर करणाऱ्यांस माझी विनंती आहे की, घरी जाऊन आपल्या पंचांगात पुढचे एक वर्ष पाहा. लग्नसराई, धानकापणी, नातवंडांची आजारपणे मांडून पाहा, आणि तरीही आठवड्याचा एक तास उरत असेल तरच पुढे या. न येण्यात कमीपणा नाही.

येणारा विद्वान असण्याची गरज नाही. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर आयटीआयचा अर्ज भरून देऊ शकतो. परिचारिका भगिनी मुलीच्या आईस दोन शब्द सांगू शकते. ज्यास काहीच येत नाही त्यास निदान ऐकता येते, आणि ते आपल्यात दुर्मिळ आहे. पैसे मात्र उसने देऊ नयेत. ऋणको झालेला मुलगा तोंड चुकवू लागतो.

दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, कोणास कडू लागल्या तरी. डॉन बॉस्कोंची मुले आपल्याच धर्माची होती; आपल्या वस्त्यांतील मुले बहुतेक हिंदू, बौद्ध व मुसलमान घरांतील आहेत. मनात धर्मांतराचा हेतू लपवून कोणी या कामात येऊ नये. ती त्या मुलाशी लबाडी होईल आणि त्याच्या आईबापांशी विश्वासघात. आईबापांची संमती प्रथम, त्यांच्या घरी जाऊन, आपले नाव व धर्म उघड सांगून घ्यावयाची. अनेक ठिकाणी बुद्धविहारांतून मुलांचे अभ्यासवर्ग चालतात. तेथे जाऊन त्यांची रीत शिकण्यात आपला मान कमी होणार नाही.

दुसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. कोणीही, मग तो धर्मगुरू असो की माझ्यासारखा म्हातारा, मुलास बंद खोलीत एकटा भेटणार नाही. भेट शाळेच्या अंगणात, वाचनालयात किंवा मंदिराच्या उघड्या ओसरीवर, दुसऱ्या वडील माणसाच्या दृष्टीसमोर. मुलींसाठी भगिनीच. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे. अशा अपराधाची माहिती असून ती पोलिसांस न कळविणे हाही त्याअन्वये अपराध होय. धर्मग्रामाची अब्रू जाईल म्हणून दडपणे हा विचार येथे मुळीच चालणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावयाचा, म्हणजे आपली तक्रारही मुलास करता येईल.

ज्युबिलीच्या निधीतून कमान बांधावी की मातेची गुहा, यावर समितीत बराच वाद झाला असे ऐकतो. दोन्ही बांधावे. मला त्या निधीतील पैसा नको. मला बारा माणसे हवीत, सहा पुरुष व सहा स्त्रिया, आणि त्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसावयास पॅरिशची एक खोली. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या बारा मुलामुलींची नावे ते पालकांस विचारून देणार आहेत. सॅक्रिस्टीच्या दाराशी एक वही ठेविली आहे. पुढील तीन रविवार ती तेथे राहील. पहिल्या रविवारी कोणी नाव लिहू नये, ही विनंती.